दादा, तुझी बंदूक ठाण्यात जमा आहे

दादा,

पाटील येऊन गेले. तुला स्मशानात पोचवून आल्याचा तिसरा दिवस होता. वहिनीने ओट्यावर सतरंजी टाकली होती, पण ते बसले नाहीत, अंगणातच उभे राहिले. टोपी काढून हातात घेतली आणि आमच्याकडे न पाहता कुडाच्या भिंतीकडे पाहत म्हणाले, "मानूस सोन्यावानी होता. येकच खोड होती, थे बंदुकीची. कायले पाहिजे होती बंदूक? आता तूच सांग मंजुळा, तू शिकलेली आहे. इतक्या वर्सांत कोनं बोट तरी लावलं का त्याले?"

वहिनीचा हुंदका मधेच तुटला, तेवढा ऐकू आला. पाटील पुढे म्हणाले, "थे ठान्यात जमा करून टाका लवकर. घरात बायामानसं. उगा भानगड नको." मग टोपी घातली आणि गेले.

कोणी बोट तरी लावलं का! ज्यांनी तुझा डावा पाय मोडला त्यांच्यात पाटलांचा सख्खा पुतण्या होता. तो पाय आम्ही तुझ्यासोबतच जाळून आलो, म्हणून आता हे विचारायला सोपं गेलं. तू लंगडत त्यांच्या दारावरून जायचास तेव्हा हा प्रश्न त्यांच्या तोंडातून निघाला नव्हता.

तेव्हापासून मी जळते आहे. रडू येत नाही. गावातली माणसं एकेक करून येतात, दूर उभी राहतात, तुझ्याबद्दल चांगलं बोलतात आणि जाताना तेच म्हणतात: भला होता, पण बंदूक कशाला? काट्याचं कुंपण घातलं म्हणून वावरात ढोरं शिरली नाहीत, तर कोणी म्हणतं का की गावात ढोरंच नव्हती? मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मग जिवंत असलेल्यांबद्दल तरी खरं बोलावं की नाही? मी बोलणार आहे. आणि तुझ्याशीच बोलणार आहे, कारण आपलं भांडण अर्धं राहिलं आहे आणि तू ते टाकून निघून गेलास.

तुला बंदूक नको होती. हे गावात कोणाला माहीत नाही. त्यांना वाटतं, पलटणीतून आलेला गडी, हौस असेल. लढाई संपून तू घरी आलास तेव्हा मी लहान होते. लोखंडी पेटीतून माझ्यासाठी लाल रिबिनी काढल्यास आणि आईला म्हणालास, "आता मले वखर दे. बंदुकीचा वास नाकातून जाऊनच नाही राह्यला." जंगलाच्या कडेला आपलं ते तुकडाभर वावर. त्यात तू कापसाची पऱ्हाटी लावलीस, ज्वारी लावलीस, लग्न केलंस. तुला पोर झालं नाही, पण त्याबद्दल वहिनीला कोणी बोललं तर तू जेवणावरून उठायचास. ब्रह्मदेशातल्या लढाईचं तू काही सांगत नव्हतास. एकदाच सांगितलंस, कपाशीचं गाठोडं बांधता बांधता, जसं काही दुसऱ्याचंच सांगतो आहेस. एका ओढ्याकाठी शत्रूच्या एका पोरसवदा शिपायाला तू अगदी जवळून गोळी घातली होतीस. मग त्याचे खिसे तपासले, तर त्यात केळीच्या पानात बांधलेला भाताचा गोळा निघाला. "गरम होता, मंजे, थो भात," एवढंच म्हणालास.

असा माणूस तू. आणि तुझ्या खांद्यावर पुन्हा बंदूक कशी चढली, ते पाटलांनी विचारावं? त्यांनी?

छप्पन साली आपण वस्तीतले सगळे नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो. आई पांढरं लुगडं नेसून आगगाडीत बसली होती, आयुष्यात पहिल्यांदाच, आणि खिडकी सोडत नव्हती. परत आल्यावर तूच घरातले देव टोपल्यात घालून नाल्याला सोडलेस. वस्तीने ठरवलं: मेलेलं ढोर ओढायचं नाही, गावात दवंडी द्यायची नाही, कोणाच्या दारी शिळं मागायला जायचं नाही. गावाने थोडे दिवस वाट पाहिली. त्यांना वाटलं, भुकेने येतील ताळ्यावर. मग दुकानदाराने मीठ देणं बंद केलं. गिरणीवाला आपलं दळण परत करू लागला. कापूस वेचायला आपल्या बायांना कोणी बोलावेना. हे सगळं तू सोसलंस. घाटंजीच्या बाजारातून मीठ-मिरची डोक्यावर आणलीस, जात्यावर स्वतः बसलास. बंदुकीचं नाव काढलं नाहीस.

नाव काढलंस ते माझ्यामुळे.

मी तेव्हा यवतमाळला मास्तरकीचं शिकत होते. सुट्टीत घरी येताना घाटंजीला मोटारीतून उतरले आणि पांदणीने, दोन्ही बाजूंच्या काटेरी कुंपणांमधल्या त्या वाटेने, चालत निघाले. पायात चपला होत्या. तूच घेऊन दिलेल्या. पाटलांचा पुतण्या दिनकर आणि त्याच्यासोबतचे तिघं वाटेत उभे होते. ओळखीचे. लहानपणी ज्यांच्या वावरात मी बोरं वेचली, ते. दिनकर म्हणाला, "नागपूरहून देव बदलून आले म्हने तुमी. मंग पायातलं डोक्यावर घेऊन दाखव. पाहू तुमचा नवा देव काय करते."

मी चपला डोक्यावर घेऊन गावात आले, दादा. ते चौघं मागून चालत होते. विहिरीवर बाया होत्या, पारावर म्हातारे होते. कोणी हसलं, कोणी मान फिरवली. मान फिरवणाऱ्यांचा मला आजही जास्त राग आहे.

घरी येऊन मी काही सांगितलं नाही. तू दारातच होतास. माझ्या केसांत चपलेची माती होती. ती तू बोटांनी झाडलीस, कण नि कण, आणि काही विचारलं नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी तू यवतमाळला गेलास, बंदुकीच्या परवान्याचा अर्ज द्यायला.

आणि इथूनच माझं तुझ्याशी भांडण सुरू होतं. कचेरीतल्या कोणा जुन्या शिपायाने तुला सल्ला दिला, "स्वतःच्या रक्षणासाठी लिहू नका. कोणापासून, विचारतील. मग चौकशी गावच्या पाटलाकडेच येईल. रानडुकरं लिहा." तू रानडुकरं लिहिलीस. पिकाचं रक्षण. चौकशी आली तेव्हा पाटलांनी आनंदाने चांगला शेरा दिला, कारण तुझ्या वावराला लागूनच त्यांचं वावर, आणि डुकरं त्यांचीही ज्वारी खात होती. तू पलटणीत होतास, नोंद चांगली होती. बारा बोअरची एकनळी घरी आली. आई तेव्हा हयात होती. तिने बंदुकीकडे पाहिलं आणि म्हणाली, "कोनाच्या जिवावर आनली बाबू?" तू म्हणालास, "कोनाच्याच नाही. आपल्या जिवासाठी."

डुकरं तू एकही मारलं नाहीस. दीक्षा घेतलेली ना! पहिलं शील म्हणजे जीव न घेणं, आणि तू ते मनापासून धरलं होतंस. शिवारात डुकरांचा कळप शिरला की तू हवेत बार काढायचास. आठवड्यात डुकरांना कळलं की हा माणूस फक्त आवाज करतो. वहिनी कपाळावर हात मारायची. "डुकरं ज्वारी खाऊन राह्यले अन यायची बंदूक पोट्ट्यायच्या मांगं फिरून राह्यली! परवाना तरी वाचा म्हनावं, काय लिवलं त्यात!" आपण सगळे हसायचो. तूही हसायचास. तुझं ते खांदे हलवत बिनआवाजी हसणं मला आज फार सलतं आहे.

पोरींच्या मागे फिरायची ती बंदूक, हेच खरं होतं. आधी मला मोटारीपर्यंत पोचवायला आणि आणायला. मग वस्तीतली शेवंता चौथी पास झाली. गावातली शाळा चौथीपर्यंत, पुढचं शिकायचं तर घाटंजी. तिच्या बापाने नाही म्हटलं. तू त्याच्या घरी जाऊन म्हणालास, "मी सोडीन, मी आनीन. तू फक्त तिले डबा दे." शेवंताच्या मागोमाग कमल, प्रमिला, मग बाकीच्या. पुढे दप्तरं घेतलेल्या मुली, मागे खांद्यावर एकनळी टाकलेला तू. सकाळी जाताना, दुपारी येताना. पेरणी असो, वेचणी असो. मधल्या वेळात तू घाटंजीला कोणाच्या तरी कापसाच्या गाठोड्यांवर हमाली करायचास, म्हणजे पुन्हा परतायला नको.

मी मास्तरीण झाले, पांढरकवड्याला नोकरी लागली, चार पुस्तकं वाचली, आणि सुट्टीत येऊन तुला शहाणपण शिकवू लागले. तुला तो ओट्यावरचा वाद आठवतो? मी म्हणाले, "वंदनेला बसतो तेव्हा बंदूक तुझ्या मागच्या भिंतीला टेकलेली असते. बुद्धासमोर हे बरं दिसतं का?"

तू म्हणालास, "मी कोनाले मारलं नाही."

"पण मारायची तयारी आहे ना? काडतूस घालून फिरतोस तू."

"घालून फिरतो. रिकामी बंदूक म्हंजे काठीच. काठ्या त्यायच्याजवळ आपल्यापेक्षा जास्त आहे."

"मग शीलाचं काय?"

तू माझ्याकडे वळलास. मग म्हणालास, "मंजे, तू शिकलेली आहे. मले येक दिवस सांग. पोट्ट्या एकट्या शाळेत जाईन, कोनी आडवं येनार नाही, असा. त्या दिवशी मी हे नाल्यात टाकून देतो अन शील पुरं पाळतो. सांग, कोनता दिवस?"

मी चिडून आत गेले. पुढच्या सुट्टीत पुन्हा तोच वाद, त्याच्या पुढच्या सुट्टीत पुन्हा. दरवेळी तू तेच विचारायचास, आणि मी दरवेळी दुसऱ्याच कुठल्या मुद्द्यावर उडी मारायचे. तुझ्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीला बैल बांधणं. भिंतही हलत नाही, बैलही सुटत नाही.

एकदाच मी ती बंदूक खांद्यावरून खाली आलेली पाहिली. त्या दिवशी मीही मुलींसोबत होते. पांदणीच्या तोंडाशी दिनकर आणि त्याची माणसं उभी, हातात सोटे. हसत होती. दिनकर तुझा पलटणीतला हुद्दा चेष्टेने घेत म्हणाला, "हवालदार, आज हा रस्ता बंद आहे."

तू मुलींना म्हणालास, "बसा गं खाली." त्या बसल्या. तू बंदूक उतरवलीस, मधून वाकवून उघडलीस, आतलं काडतूस त्यांना दिसेल अशी धरलीस आणि पुन्हा बंद केलीस. नळी जमिनीकडे होती. आवाज तर इतका साधा, जसा काही बाजारात भाव विचारतो आहेस. "दिनकर, मी लढाईत मानसं मारली आहे. तवापासून मले झोप नाही. आनखी येक मारलं तं उरलेली थोडी झोप जाईन. माहं तेवढंच जाईन. तुमचं काय जाईन, थे तुमी पाहा."

मग त्यांच्यातला एक बाजूला झाला, मग दुसरा. दिनकर शेवटी. मुली उठल्या, परकर झटकले आणि चालू लागल्या. कमल भीतीने खिदळत होती, तिला थांबताच येईना. शाळेमागच्या निंबाखाली बसून तू बिडी काढलीस. मी काडी ओढून दिली. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस.

चार दिवसांत ठाण्याचा माणूस आला. बंदूक दाखवून गावात दहशत घालतो, अशी तक्रार होती. गावाच्या शांततेसाठी, असे शब्द होते. चौकशी होईपर्यंत बंदूक जमा. तू निमूट पट्टा सोडून दिलास. मी तेव्हा पांढरकवड्याला होते. असते तरी काय केलं असतं, ठाऊक नाही. पण तू कायदा पाळलास, दादा. तुला त्या कायद्याने एवढी वर्षं काय दिलं होतं? तरी तू पाळलास.

आणि शाळा काही बंद नव्हती. तू काठी घेऊन मुलींच्या मागे निघालास. कापूस वेचणीचे दिवस, भर दुपार. दोन्हीकडच्या वावरांत बाया, माणसं, पोरं. त्यांच्या डोळ्यांदेखत तुला पांदणीत पाडून मारलं. मुलींना काही केलं नाही, त्यांना फक्त बघायला उभं केलं. शेवंता पुढे धावली तेव्हा तिला धरून ठेवलं. तुझा डावा पाय दोन ठिकाणी मोडला. चौकशीत वावरातल्या एकाही माणसाने काही पाहिलं नव्हतं. सगळ्यांच्या माना त्या दिवशी कापसातच होत्या.

गावची शांतता ती हीच.

पाय वाकडाच जुळला. महिनोन् महिने यवतमाळला खेटे घालून, काठी टेकत, कोण कुठल्या साहेबासमोर उभा राहून तू ती एकनळी परत मिळवलीस. आणि परत मुलींच्या मागे. आता तू लंगडत होतास आणि मुली मोठ्या झाल्या होत्या, भराभर चालायच्या. पण मी पाहिलं आहे, त्या मुद्दाम हळू चालायच्या. कोणी सांगितलं नव्हतं. तू मागे पडू नयेस म्हणून एखादी वाकून चपलेचा अंगठा नीट करायची, एखादी बोर तोडायला थांबायची. तू वरवर ओरडायचास, "चाला गं, घंटा होईन!" त्यानंतर मात्र कोणी आडवं आलं नाही. शेवंता शिकून यवतमाळच्या दवाखान्यात नर्सचं काम शिकते आहे. कमल सातवी झाली. पाटील म्हणतात, कोणी बोट तरी लावलं का.

आणि हे सगळं करून तू गेलास कशाने? काविळीने!

माझा तुझ्यावरचा सगळ्यात मोठा राग हा आहे. दिवाळीच्या सुट्टीला घरी आले तर तू खाटेवर, डोळे हळदीसारखे, आणि गळ्यात माळ. काविळीची माळ! कोण्या वैदूने मंतरून दिलेली, ती लांबत जाईल तशी कावीळ उतरते म्हणे. ज्या हातांनी घरातले देव नाल्यात सोडले, त्याच हातांनी तू ही माळ घालून घेतलीस? मी ओरडले. वहिनी रडायला लागली. तू म्हणालास, "असू दे मंजे. तुह्या वहिनीचं मन राह्यते." वहिनीचं मन राखायला इतके दिवस घालवलेस! माणसांसमोर तू कधी मागे सरला नाहीस आणि एका दोऱ्याच्या माळेसमोर मुकाट पडून राहिलास. मी ती माळ तोडली. बैलगाडीत घातलं, घाटंजीहून मोटारीने यवतमाळ गाठलं. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. शेवंता सलाइनची बाटली बघत तुझ्या उशाशी उभी होती, पांढऱ्या कपड्यांत. तू तिला ओळखलंस. तिच्या डोक्यावरच्या टोपीकडे पाहून थोडा हसलास.

मग मला विचारलंस, "शाळा कवा उघडते?"

मी म्हणाले, "अजून वेळ आहे दादा."

"बरं," म्हणालास. ते तुझं शेवटचं बोलणं.

मी तुला सांगायला हवं होतं की मुलींची काळजी करू नको. मला ते खोटं बोलवलं नाही.

बंदूक मी स्वतः ठाण्यात नेली. परवानेदार गेल्यावर जमा करावीच लागते. काडतूस काढून वेगळं बांधलं, एकनळी खांद्यावर टाकली आणि मुद्दाम गावातून गेले, पारासमोरून, विहिरीवरून. तिचं एवढं वजन असतं हे मला माहीत नव्हतं. पट्टा खांद्यात रुतत होता.

फौजदार तरुण होते, नीट बोलले, बसायला खुर्ची दिली. मी म्हणाले, "जमा करून घ्या, आणि मला माझ्या नावाने परवान्याचा अर्ज करायचा आहे."

ते म्हणाले, "बाई, तुम्ही शिक्षिका. तुम्हाला कशाला हवी बंदूक?"

मी कागद मागून घेतला आणि लिहिलं: आमच्या वस्तीतल्या मुलींना शाळेत जाताना गावातल्या माणसांपासून धोका आहे. माझ्या भावाचा पाय याच माणसांनी मोडला. त्यांची नावं पुढे देत आहे.

ठाण्यातला हवालदार वयस्कर होता. तो माझ्या खांद्यावरून वाकून वाचत होता. हळूच म्हणाला, "ताई, असं लिहू नका. डुकरं लिहा. भावाने लिहिलं होतं तसं. काम लवकर होईल."

वाईट माणूस नव्हता तो. पण माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "त्याने डुकरं लिहिलं म्हणूनच आज पाटील आमच्या अंगणात उभं राहून विचारतात, कशाला हवी होती. तुमच्या दप्तरात पाहिलं तर या गावात माणसाला माणसाची भीती कधी नव्हतीच. होती ती डुकरांची!"

फौजदारांनी कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "पाहू. चौकशीला पाठवावा लागेल." कोणाकडे पाठवणार, ते मी विचारलं नाही.

रागावू नको, दादा. तू तुझ्या वेळी जे मिळवता येत होतं ते मिळवलंस. पण ते खोटं आपल्याला महाग पडलं, आणि हे मी तुला जिवंतपणी म्हणायला हवं होतं. शील-अशीलावर आपण वर्षानुवर्षं भांडलो. ह्याच्यावर एकदाही नाही.

घरी येऊन वहिनीला सांगितलं तर ती माझ्यावरच उखडली. "लिवून देतीस ना डुकरं! तुहं काय जात होतं? तुमी दोघंही भाऊ-बहीन सारखेच हेकट!"

मग शाळा उघडली. माझी दोन दिवस उशिरा उघडणार होती, म्हणून मी घरीच होते. सकाळी अंगणात मुली जमल्या, नेहमीसारख्या. पण सगळ्या नव्हत्या. प्रमिलाची धाकटी बहीण रत्ना आली नव्हती. यंदाच पाचवीत गेलेली. मी तिच्या घरी गेले. बाप दारात पऱ्हाटीच्या काड्या मोडत बसला होता. म्हणाला, "बंदूक येईस्तोवर राहू दे घरी."

मी म्हणाले, "मी येते सोबत."

"तू आज येशील. परवा पांढरकवड्याले निघून जाशील. मंग?"

आतून रत्ना दप्तर छातीशी धरून आमच्याकडे पाहत होती. मला इतका राग आला की डोळ्यांपुढे काही दिसेना. बापावर नाही. तो खरंच बोलत होता. मला कोणावर राग होता ते तुला माहीत आहे.

तेवढ्यात मागून वहिनी आली. डोक्यावरून पदर घेतलेला, हातात काही नाही. तिने त्या माणसाला काही विचारलंच नाही. आत पाहून म्हणाली, "चाल गं रत्ना. घंटा होईन."

"वहिनी, वाटेत कोनी आडवं आलं तं?" तो म्हणाला.

"तं मले मारन पहिले," वहिनी म्हणाली. "मंग तुमी सारे येऊन त्यायले सांगा, तुमी काही पाह्यलं नाही म्हून."

रत्ना निघाली. बापाने अडवलं नाही. आम्ही पांदणीने गेलो. पुढे मुली, मागे वहिनी आणि मी. आपल्या वावराला लागून दिनकर वखर हाकत होता. त्याने बैल थांबवले, आमच्याकडे, आमच्या रिकाम्या खांद्यांकडे पाहिलं, आणि काहीतरी बोलून हसला. दुसरं काही केलं नाही. त्या दिवशी काही केलं नाही, एवढंच मी म्हणू शकते. मुली एकमेकींना चिकटून चालत होत्या. कोणी बोर तोडायला थांबली नाही.

शाळेतून परतताना वहिनी माझ्या पुढे चालत होती. गाव दिसायला लागलं तशी थांबली आणि म्हणाली, "मंजे, थो अर्ज तुह्या नावानं कायले? तू तं चालली जाशील. माह्या नावानं कर. हे पोट्ट्या मले सोडा-आनायच्या आहे." मी तिच्याकडे पाहत राहिले. ती म्हणाली, "पायतेस काय? मले चालवता येनार नाही का? तेबी शिकूनच चालवत होते."

उद्या आम्ही दोघी ठाण्यात जातो आहोत. फौजदार नाही म्हणतील असं मला वाटतं. मग परवा जाऊ. माझ्या शाळेला मी रजा कळवली आहे. आज सकाळी वहिनी मुलींना घेऊन गेली आणि मी घरी थांबले, कारण कोणीतरी ढोरांना पाणी दाखवायला हवं होतं. पाणी दाखवलं. मग ओट्यावर येऊन बसले. दात आवळून, पांदणीकडे डोळे लावून, पानाचा आवाज झाला तरी उठून उभी राहत. त्या सगळ्या परत येईपर्यंत मी ओटा सोडला नाही. तू ही धास्ती रोज घेऊन चालत होतास, इतकी वर्षं, आणि वर आम्हाला हसवत होतास. हे असं असतं हे एकदा तरी सांगायचं होतंस, दादा.